लुब्नाला मारू नका

—नको, पाणी नको, रोजा आहे माझा. तुम्ही प्या, मॅडम, मला काही वाटणार नाही. मी इथंच बसते, दाराजवळ. खाली रखवालदाराला म्हटलं, मॅडमचे शिवलेले कपडे घेऊन आलेय — नाहीतर वर सोडलं नसतं त्यानं. रोज्यात खोटं बोलले. अल्ला बघून घेईल. तर मी म्हणत होते, लुब्ना. तुमच्या मालिकेतली. तिला मारू नका. तेवढंच मागायला आलेय. लोक म्हणतात, रमजानच्या मालिका अर्धा महिना उलटला तरी लिहीतच असतात, आज लिहिलं की उद्या दिसतं — खरं ना? मग अजून तुमच्या हातात आहे. मारायचंच असेल तर त्या बंगल्यातल्या दलालाला मारा, दोनदा मारा, आम्ही टाळ्या वाजवू. लुब्नाला नको. आणि तिच्या भावाच्या हातून तर नकोच नको.

माझं काय नातं? सांगते. माझ्या जावेची मुलगी, रावया. तुम्ही भेटलात तिला, वकीलबाईंच्या कचेरीत — आठवतं? बारीक, हनुवटीवर गोंदलेला ठिपका. तुम्ही तिला चहा पाजलात, विचारलंत, कोंडून ठेवलं होतं तेव्हा सगळ्यांत जास्त कशाची आठवण यायची? ती म्हणाली, गच्चीवरच्या कबुतरांची. नावंसुद्धा सांगितली — एक ‘पाशा’, एक ‘दाई’. घरी येऊन म्हणाली, त्या मॅडम रडल्या हो, आता त्या लिहितील, म्हणजे दुसऱ्या पोरी सावध होतील. आणि मग पहिल्याच भागात तुमची लुब्ना गच्चीवर उभी राहून हाका मारते — पाशा! दाई! नाव बदललंत, गाव बदललंत, कबुतरं तीच ठेवलीत, मॅडम. अख्ख्या गावानं ओळखलं. इफ्तारचं ताट अजून पुढ्यातच होतं आणि पलीकडच्या गच्चीवरून बायका ओरडतायत — अगं, ही तर तुमची रावया!

चांगलं लिहिता तुम्ही, नाही म्हणत नाही मी. पण तसं नव्हतं हो ते. तुमची लुब्ना लाल झगा घालते, सिगारेट ओढते, पोहायच्या हौदाशी नाचते — बघणाऱ्याला वाटतं, मजेतच आहे की पोरगी! तिथं हौद नव्हता. तिसऱ्या मजल्यावरचं साधं घर, खाली औषधाचं दुकान. म्हाताऱ्या बाईला सांभाळायचं काम म्हणून नेलं होतं. म्हातारी होतीच, तिनंच दार लावून घेतलं. मुलुखियाची पालेभाजी रांधायची, पोरींना वाढायची, वर म्हणायची, जेव गं माझे बाय, आज तीन पाहुणे आहेत. आणि पाहुणे कसले? चष्मेवाले, कपाळावर नमाजाचा घट्टा असलेले, बायकोचा फोन आला की ‘येतो येतो, भाजी आणतो’ म्हणणारे. रावया सांगायची, दिवसभर काय केलं तर चादरी धुतल्या. चादरी, चादरी, चादरी. हे नाही दाखवलंत तुम्ही. चादरी धुणारी पोरगी कोण बघणार?

आणि तो तुमचा पोलीस अधिकारी — काळा चष्मा, दार लाथेनं उडवतो, लुब्नाच्या अंगावर स्वतःचा कोट घालतो. गावातल्या पोरींनी त्याचं चित्र फोनवर लावलंय. रावयाच्या अंगावर कुणी कोट घातला नाही. रात्रभर चौकीत उभी, अनवाणी, आणि गुन्हा तिच्यावरच. फोटो काढत होते, दात काढत होते. आणि आई! ती आई तर तुम्ही अशी रंगवलीत — हातभर सोन्याच्या बांगड्या, पोरीला विकून पिस्ते खाते! मी कधी सोनं घातलं हो? लग्नातली बांगडी तिच्या बापाच्या आजारपणात गेली, तेव्हापासून हे मनगट—

...बघता काय असं.

बरं. जाऊ दे. जाऊ वगैरे कुणी नाही. माझी आहे ती. रावया माझ्या पोटची आहे. मी उम्म बयूमी, बयूमीची आई — बयूमी माझा थोरला, टुकटुक रिक्षा चालवतो गावात. आता कळलं ना, भावाचं का म्हणते ते?

ऐका, हे कुणी तुम्हाला सांगितलं नसेल. त्या चौकीतून तिला कुणी आणलं? बयूमीनं. मी म्हटलं, आता हा काय करतोय कुणास ठाऊक. तर हा गेला, वकीलबाईंना शोधून काढलं, कागद केले, बाहेर आणलं, आणि स्वतःच्या पायातल्या चपला काढून तिच्या पायात घातल्या. गिझाच्या स्टँडवर, भर दुपारी, तापलेल्या डांबरावर हा अनवाणी. लोक हसत होते. घरी आले तेव्हा याच्या तळव्यांना फोड आणि तिच्या पायात होडीएवढ्या चपला. बोल लावला नाही तिला. फक्त म्हणाला, ‘दाईनं पिल्लं काढलीत, बघून ये.’ हे लिहा ना, मॅडम! हे घडलंय. गावाला आम्ही सांगितलं, दूर एका कापडाच्या कारखान्यात होती. लोकांनी अर्धंमुर्धं मानलं, दिवस गेले. तिला शहरात, शुब्रा वस्तीत काम लावून दिलं, कुनाफा मिठाईवाल्याच्या भट्टीवर, तिथंच माडीवर राहते. दर शुक्रवारी हा जायचा, पेरू घेऊन. परत आला की सांगायचा, जाड झालीय, आई, तुझी पोरगी, साखर चोरून खाते. हसायचा.

आता हसत नाही. तुमची मालिका लागली आणि चहावाला शहाता खुर्च्या टीव्हीकडे फिरवायला लागला. याला बघून म्हणतो, ‘ये बयूमी, पुढं बस, तुझ्या घरचीच गोष्ट आहे, भाडं नाही लागणार!’ दुसरा म्हणतो, ‘बघू या, लुब्नाच्या भावाच्या अंगात रक्त आहे की उसाचा रस.’ रोज, मॅडम, रोज. टुकटुकच्या पाठीवर कुणीतरी खडूनं कबुतर काढलं. त्यानं पुसलं, परत काढलं. त्यानं जायचं बंद करावं की नाही? पण जातो. बसतो. बघतो. न जावं तर म्हणतील तोंड लपवतो.

आणि काल तुम्ही दाखवलंत — भाऊ मायक्रोबसमध्ये चढतो, पिशवीत सुरी, मागून ते ढोल. आमच्या घरापर्यंत टाळ्या ऐकू आल्या. हा घरी आला. पहाटे सहरीला बसलो, मी फूलची, बाकल्याची उसळ वाढली, त्यानं हात लावला नाही. एवढंच म्हणाला, ‘मर्द आहे तो.’ कोण रे, बाळा? ‘लुब्नाचा भाऊ.’ मी म्हटलं, अरे तो नट आहे, पैसे घेऊन चेहरा करतो, आत्ता घरी झोपला असेल! तर ताट सरकवून उठला. आणि आज सकाळी, बूट घालता घालता, खाली बघून विचारतो — ‘रावया भट्टीवरून किती वाजता सुटते?’ त्याला माहीत आहे, मॅडम! तोच तर जातो दर शुक्रवारी! मग मला का विचारलं? मला वाटतं... मला वाटतं, मी त्याला अडवावं म्हणून विचारलं. आणि मी त्याला अडवलं नाही. मी माझ्या पोराला घाबरले. हे मी स्वतःलासुद्धा म्हटलं नव्हतं अजून.

म्हणून म्हणते, लिहा. भाऊ जातो, पिशवी उघडतो, आणि — चपला काढून देतो तिला. बस. नाहीतर नुसता परत येतो. शहाता काय हसेल ते हसू दे. माझा पोरगा जे टीव्हीत बघेल ना... अख्खं गाव बघणार आहे, मग त्यालाही परत येता येईल की नाही? तुम्ही एक पान बदलायचं, मॅडम. एक पान. मी तुमच्या पाया—

काय म्हणालात?

परवाच झालं? चित्रित झालं... आणि लागणार कधी? आज.

आजच.

नाही, तुम्ही समजवू नका मला. लोकांना तसंच आवडतं — कळलं. जाहिरातवाले — कळलं, कळलं. शेवटी लिहिणार आहात ना की ही गोष्ट काल्पनिक आहे? लिहा. थांबा, जरा गप्प बसा, फोन लावू द्या मला.

...रावया? रावया, ऐक, विचारू नकोस, पीठ राहू दे तिथंच. एप्रन काढ. मागच्या दारानं निघ. नाही, बयूमी बरा आहे. बरा आहे म्हटलं ना. तू वकीलबाईंकडे जा, त्यांना सांग, आई म्हणाली आजच, आत्ताच... रडू नकोस, पोरी, मला माहीत आहे भट्टीवाले चांगले लोक आहेत, मला माहीत आहे. ऐक. जिथं नेतील तिथलं नाव मला सांगायचं नाही. मला. हो, मलाच. तो विचारेल गं, आणि मला त्याच्याशी खोटं बोलता येत नाही. या नंबरवर परत फोन करू नकोस. फोनमधलं कार्ड काढून टाक. नाही, ईदलाही नाही. खाऊन घे काहीतरी इफ्तारला. जा. जा, माझे आई.

...गेली.

नको, हात नका लावू. उभं राहता येतं मला. काय? तुमच्याकडे? मोकळी खोली आहे, तिथं आणू? बाई, तुम्ही तिला पुन्हा विचारणार, कशाची आठवण येते, आणि ती बिचारी सांगणार. नाही. कुठं गेली ते आता मलाही माहीत नाही, तुम्हाला काय सांगू? सरका. मगरिबच्या, रोजा सोडायच्या आत घरी पोचायचंय मला, पोराला जेवायला वाढायचंय — तो घरी असेल तर.

दार तेवढं उघडा. ही कडी मला उघडता येत नाही.