जवावरची भुरी

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीच्या थंडीत अभिमन धुळ्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात बाकावर बसला होता. ऑपरेशनची पट्टी दोन्ही डोळ्यांवर होती. मुलगा बाजारात गेला होता आणि शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याचा आणि बाईचा फक्त आवाज त्याला येत होता.

"अक्का, मना जववरनं पान शे. भुरीना रोग शे का यानावर?"

"शे, नाना. पीठ सांडेल शे तशी. तुम्हले दिसस नही?"

"बठ्ठं धुरकट दिसस. मोतीबिंदू शे."

"गंधकनी भुकटी उडाडी का?"

"उडाडी, सकायले, दववर. पहिले मी उडाडू नि मनी बायको मांगे चाले. 'आठे राही गयं' सांगे."

"आते?"

"आते ती नही. राही जास ते राही जास."

"घरमा दुसरं कोनी?"

"कोनी नही. म्हनीसन पानं लई येल शे. जो भेटी, त्याले इचारस."

"ऑपरेशन व्हयनं का तुम्हलेच दिसी, नाना."

"दिसी. मंग कोनले इचारसू?"

तेवढ्यात कंपाउंडरने हाक मारली, "भाईदास पाटील, आत या!"

"जा, नाना. बाकीनी पानं मनाकडे द्या. मी देखी ठेवस."