पुडीवरचं कुंकू

मी विमलबाई. माहेर मूर्तिजापूरच्या अलीकडचं, सासर पातूरचं, अन् आता म्हातारपणी पोराजवळ अकोल्याले. आमी भाजीपाल्याचे लोक. माझा बाप अशे वांगे पिकवे का एका वांग्याच्या सावलीत दोन मजूर जेवाले बसत. तुमी माझी गोष्ट लिवाले आल्या अन् हसून रायल्या ताई, पण लिवा तसंच. अन् माय माझी शेवया-सरगुंड्यात एक नंबर. सरगुंडे म्हणजे कणकेची बारीक दोरी काडीवर वेटोळे देत गुंडाळाची, वाळली का काडी ओढून घ्याची, मंग उकडून आमरसासंग खाचे. आमची ती लहान रेल्वेगाडी, शकुंतला, इतकी हळू चाले का माय चढतानी कणीक घेऊन चढे अन् उतरतानी वाळलेले सरगुंडे घेऊन उतरे. गार्डानंबी खाल्ले हायेत. आता तो जिवंत नाही, नाहीतर साक्ष देल्ली असती.

तर सांगत काय होती, माझी नात. स्वरा नाव, आठ वर्षाची पोट्टी. सून कल्पना दवाखान्यात नर्स, सकाळी सातले घर सोडते, पोरगा दिनेश तिच्याबी आधी. सुनेले मी दोष देत नाही बरं, तिले दोनच हात हायेत. पण त्या घाईघाईत पोट्टीले पुडीतल्या नूडल्सची सवय लागली. सकाळी तेच, शाळेतून आली का तेच. भाजी पायली का असं तोंड फिरवे जसं काई त्या भाजीनं तिच्या बापाचं वावर दाबलं. मंग ती पायऱ्या चढतानी दम खाऊ लागली. डॉक्टरनं तिची खालची पापणी ओढून पायली, कागदासारखी पांढरी. म्हणे रक्त लय कमी हाय, औषध देतो, पण हे पुडीचं खाणं बंद करा अन् घरचं सुरू करा, तीन महिन्यात सुधारलं नाही तर भरती करून रक्त चढवा लागन. एवढुशा पोरीले रक्ताची बाटली.

पुड्या बंद केल्या तर पोट्टीनं जेवणच बंद केलं. दोन दिवस दुधावर. दिनेश म्हणे माय, देऊन टाक ना तिले, उपाशी काहून मारून रायली. म्या म्हटलं, थांब. तिले नूडल्सच पायजे ना, मंग नूडल्सच खाईन, पण माझ्या हातच्या. जिच्या मायनं चालत्या गाडीत सरगुंडे वळले ती एका पुडीले भेते का?

पातूरहून शेवग्याचा पाला मांगवला, सावलीत वाळवला, भुकटी केली. गव्हाच्या पिठात ज्वारीचं पीठ अन् ती भुकटी टाकून मळलं, साच्यातून शेवया पाडल्या, वाळवल्या, अन् उकळत्या पाण्यात सोडल्या. काय झालं? चिखल. हिरवागार चिखल. म्हशीनं पायला असता तर बसली असती त्यात. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी कुरडयाचं ध्यानात आलं. कुरडईचा चीक आमी आंधी शिजवतो अन् मंग वाळू घालतो, म्हणून तर ती मोडत नाही. मंग म्या ओल्या शेवया चाळणीत ठेवून पातेल्यावर वाफवल्या, वाफवून वाळवल्या. आता पाण्यात सोडल्या तर अशा ताठ का कपडे वाळू घाला त्याईवर. मसाला केला वाळल्या टमाट्याचा, कांद्या-लसणाचा, धने-जिऱ्याचा, वरून आमचूर.

इथपर्यंत माझं सारं बरोबर होतं. पुढं अक्कल गेली. म्या काय केलं, घरात पडलेल्या रिकाम्या पुड्या घेतल्या, पुसल्या, त्याईत माझ्या शेवया भरल्या, अन् मेणबत्तीवर काठ चिकटवून टाकले. म्हटलं पोट्टीले सांगू, घे माय, डॉक्टर हो म्हणाला. अशा बेमालूम पुड्या का कंपनीच्या मालकानं आपल्याच समजून उचलल्या असत्या.

पण आमच्यात रीत हाय. उन्हाळ्याचं वाळवण असो का नवी चूल, पयले हळद-कुंकू लावाचं, मंग हात लावाचा. आज साठ वर्षं माझे बोटं आपोआप कुंकवाच्या करंड्यात जातात. पाच पुड्या मांडल्या अन् पाचाईले कुंकवाचं बोट लावलं, मले काई समजलंबी नाही. हातच जोडून मोकळी झाली मी.

स्वरा शाळेतून आली, पुडी पाहून नाचली. म्या पटकन शिजवून देल्ली, तिनं वाटी चाटून पुसून खाल्ली. मी मनातल्या मनात बॅंडबाजा लावला होता. तेवढ्यात तिनं दुसरी पुडी उचलली, उलटी-पालटी केली, अन् मले विचारते, आजी, कंपनीत कुंकू लावतात का?

शंभर गोष्टी उभ्या-उभ्या रचणारी मी, नुसती पदरानं पुडीवरचं कुंकू पुसाले लागली. पोट्टीनं पुडी खाली ठेवली. ओरडली नाही, रडली नाही. म्हणे, तू मला फसवलं. अन् दुसऱ्या दिवसापासून माझ्या हातचं पाणीसुद्धा घेईना. दूध कल्पनानं देल्लं तर पिये, म्या देल्लं तर गिलास तसाच. औषधाची गोळी म्या पुढं केली तर ते खरंच औषध हाय का म्हणून विचारे. ताई, रक्त कमी व्हतं ते व्हतंच, आता भरवसाबी गेला. अन् भरवशाचं औषध कोन्या दुकानात भेटते?

कल्पना फक्त म्हणे, आई, तिला सांगूनच करा ना, तिला खोटं लगेच कळतं, दवाखान्यातली लेकरंही अशीच असतात.

रविवारी मी परात घेऊन अंगणात बसली. स्वरा दारातून पाहे. म्या मान वर न करता सांगतलं, हे गहू, हे ज्वारी, हा हिरवा पाला शेवग्याचा, रक्तासाठी हाय, थोडा कडूसर लागते. परवा मी तुले खोटं बोलली, चुकली. खाची तर खा, नाही तर राहू दे, पण मी रोज करीन. तीन दिवस मी अशीच बोलत होती, परातीले अन् चिमण्याईले. चौथ्या दिवशी ती जवळ आली, कंपासातून धुतलेली पेन्सिल काढली अन् म्हणे, सरळ नको, मला स्प्रिंगसारख्या पाहिजेत. म्या सरगुंड्याची दोरी वळून देल्ली, तिनं पेन्सिलीवर गुंडाळली. वाकड्या, जाड्या, एक तर गांडुळासारखी. वाफवल्या, वाळवल्या, शिजवल्या. ती समोर बसली अन् पयला घास तिनं मले भरवला, आंधी तू खा म्हणे. म्या खाल्ला. मंग तिनं खाल्ला. म्हणे पाला जास्त झाला. खरं होतं. दुसऱ्या दिवशी कमी केला.

तीन महिने झाले तवा डॉक्टरनं पुन्हा रक्त तपासलं. म्हणे बाटलीची गरज नाही, पण असंच चालू ठेवा, अजून भरून निघाचं हाय. वाढदिवसाले स्वरा मैत्रिणीकडे गेली का पुडीचं खाऊन येते अन् घरी येऊन मले सांगते, मी बी रागावत नाही. भाजी अजूनबी कुरकुर करूनच खाते.

पण आता एक कायदा झाला हाय घरात. ताट वाढलं का पयला सवाल, आजी, यात काय टाकलं? अन् मले एक-एक जिन्नस सांगा लागते, खरा. साऱ्या अकोल्याले मी गोष्टी फेकून सांगतो, तुमालेबी सांगतल्या, त्यातल्या किती खऱ्या ते मले नोका विचारू. पण त्या पोट्टीच्या ताटासमोर बसली का माझी जीभ सरळ चालते. देवाजवळ एवढंच मागणं हाय, ती मोठी झाली, कुठंबी गेली, तरी तिनं असंच विचारून खावं, अन् सांगणारानं खरं सांगावं.

घ्या ताई, ही वाटी घ्या. यात शेवग्याचा पाला हाय, थोडी कडू लागन.