काळ्या पट्टीखालचा पाथरवट

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे पाहुणे, या छायाचित्र संग्रहातली सर्व मंडळी, समोर बसलेले बंधुभगिनी आणि ज्यांना निरोप द्यायला मन होत नाही त्या आपल्या बाई, सर्वांना नमस्कार. मागे ऐकू येतंय ना? नसेल तर आत्ताच हात करा, नाहीतर घरी जाऊन मला तोच घोर.

या संग्रहात जुने पंडित, गायिका, कमानी, घुमट असं सगळं जुन्या काचेच्या निगेटिव्हांवर उतरलेलं आहे. आणि बाईंनी ते लेकरासारखं जपलं. आता त्या काळी फोटोवाल्यांची एक रीत होती. इमारतीच्या फोटोत कडेला माणूस आला, की काचेच्या त्या कडेवर काळ्या कागदाची पट्टी चिकटवायची. छापताना इमारत तेवढी यायची, माणूस झाकला जायचा.

जुन्या वाचनालयाच्या दाराचे खांब आमच्या बाबांनी घडवले. मी पाळण्यात असतानाच ते गेले. घरात त्यांचा एकही फोटो नाही. इथल्या प्रदर्शनात त्या दाराचा फोटो लागला होता. पट्टीच्या पलीकडून नुसता एक हात आलेला, हातोडी धरलेला. आमची ताई म्हणाली, "डावा हात आहे. बाबा डावखुरे होते. बाबाच!"

ताईची नजर तेव्हा अधू होत चालली होती. बाबांचा चेहरा पाहिलेलं तिच्याशिवाय कुणी उरलेलं नाही. उशीर झाला तर ओळखणार कोण? मी रोज बाईंच्या दारात, ती पट्टी काढा म्हणून.

इथले मोठे साहेब म्हणाले, "पट्टीबरोबर चित्रही सुटून येईल. राहू द्या." त्यांचं तरी काय चुकलं? पण बाईंनी आधी टाकाऊ काचांवर हात बसवला, साहेबांची परवानगी मिळवली आणि मग ओलसर बोळ्याने ती पट्टी कणाकणाने सोडवली. मी आपला मध्येच, "नाक आलं का?"

"काका, आता बोललात तर ही पट्टी तुमच्या तोंडाला लावीन!"

शेवटी फोटो मोठा छापून ताईच्या डोळ्यांजवळ धरला. तिने तो पार नाकापर्यंत ओढला. माझा जीव टांगणीला. मग म्हणाली, "बाबाच रे. पण केवढंसं पोर होतं हे! आपल्या नातवाएवढं." आणि फोटोतल्या गालावरून तिने बोट फिरवलं, लेकराच्या गालावरून फिरवावं तसं.

फोटोखाली पूर्वी 'वाचनालयाचे प्रवेशद्वार' एवढंच होतं. बाईंनी पुढे लिहिलं, 'आणि ते घडवणारा'. बाई, आमच्या सगळ्या घराकडून तुमचे आभार. मला बोलू दिलंत, त्याबद्दल संस्थेचेही. कुठे जीभ घसरली असेल, कुणाचा मान राहून गेला असेल, तर म्हाताऱ्याला सांभाळून घ्या. बसतो.