काकूंचं एकच बटण

पिपलानीच्या कॉलनीत आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या काकूंची गोष्ट तुम्हाला सांगितली का कधी? काका गेले, तेव्हा त्यांनी गायलेल्या गाण्यांची रेकॉर्डिंग्ज माझ्याकडे होती. मी वेबसाइट बनवतो, म्हणून काकूंच्या मोबाइलसाठी एक छोटं वेब ॲप केलं. रागांचे विभाग, शोधायची सोय, आवडती गाणी, सगळं हौसेनं त्यात घातलं.

काकू दुपारभर फोन हातात धरून बसल्या, पण कशालाच बोट लावेनात.

"काय झालं, काकू?"

"इतकी दारं केलीस रे. हे नेमके कुठल्या दाराआड आहेत, तेच कळेना."

मी तिथंच व्हरांड्यात बसून एकेक गोष्ट काढत गेलो. शेवटी स्क्रीनवर एकच मोठं निळं बटण उरलं. काकूंनी ते हलकेच दाबलं आणि काका भूप गाऊ लागले. काकूंनी डोळे मिटले. रस्त्यावरून स्कूटर जात राहिल्या, ऊन उतरलं, चहा निवला, तरी त्या हलल्या नाहीत.

बऱ्याच वेळानं मी हळूच विचारलं, "काकू, थांबवायचं बटण कुठं ठेवू?"

डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "ते नको ठेवूस."