वायरीचे दोन काठ

हसू नका, पण परवा एका वायरीनं मला पार येडं केलं.

आमच्या चादरीच्या कारखान्यात डिझाइनची फाइल माझ्या कॉम्प्युटरवरून मागाशेजारच्या जुन्या कॉम्प्युटरवर सरळ वायरीनं जाते. त्या जुन्याची पेनड्राइव्ह लावायची जागा कधीच मोडली. परवा वायर लावली, तर तिच्या खाचेजवळचा जोडणीचा दिवाच पेटेना. तीनदा सेटिंग बदललं, दोन्ही कॉम्प्युटर बंद करून चालू केले. तिकडं माग थांबलेला आणि मालक दर पाच मिनिटांनी विचारतायत, "झालं का?" मला तर काहीच कळेना.

शेवटी वायरीची दोन्ही टोकं शेजारी धरून बघितली. एकीकडं आतल्या तारांची सुरुवात नारंगी रंगानं, दुसरीकडं तपकिरीनं. बरोब्बर उलटं!

"हे टोक कुणी बसवलं?"

आमचे जुने विणकर अंबादासमामा म्हणाले, "मीच की. काल तुटलं होतं."

"मग रंग उलटे का लावले, मामा?"

"उलटे कुटं? काठ हाय तो! एका काठाला हिरवा आधी आला, तर समोरच्या काठाला शेवटी यायला पायजे."

मी त्यांचं टोक कापलं आणि दोन्हीकडं एकाच क्रमानं रंग लावले. दिवा पेटला, फाइल गेली, माग धडधडायला लागला.

मामांनी वाकून दोन्ही टोकं निरखली आणि मान हलवली.

"चालली म्हणून काय झालं? असली चादर फुकट दिली तरी कुणी घेणार न्हाय."