शेऱ्याचा रिकामा रकाना

नूतन : पाणी नको नाना, आधी सांगा. त्या लाल ओळी म्हणजे काय होतं?

प्रेमराज : अगं, जळगावहून नशिराबादपर्यंत या उन्हात गाडी दामटत आलीस, दोन घोट तर घे. आणि कसल्या लाल ओळी? मला रिटायर होऊन दोन वर्षं झाली.

नूतन : तुमच्या विहिरींच्या यादीतल्या. तालुक्यातल्या अकराशे विहिरी अन् हातपंप, तुम्ही बनवलेली फाइल. त्यात मधेमधे काही ओळी लाल रंगवलेल्या होत्या.

प्रेमराज : असतील. नजरेला बरं दिसतं म्हणून रंगवल्या असतील. उघडून बघ की.

नूतन : काय उघडू? ती फाइल राहिलीच नाही. मार्चअखेर सगळ्या याद्या खुल्या स्वरूपात टाकायच्या होत्या. ठरलेले रकाने, ठरलेले शब्द, कोणत्याही खात्याच्या कॉम्प्युटरवर उघडतील अशा. विहिरीचं नाव, गाव, नकाशावरची जागा, चालू की बंद, शेरा. महिनाभर एकटी बसून केलं मी. त्यात फक्त अक्षरं अन् आकडे जातात नाना. रंग जात नाही.

प्रेमराज : मग जुना कॉम्प्युटर बघ.

नूतन : पुसला अन् लिलावात काढला.

प्रेमराज : छापील यादी असेल कपाटात. मीच ठेवली होती.

नूतन : आहे. आपला प्रिंटर काळा-पांढरा. लाल काय अन् पिवळी काय, सगळं राखाडी.

प्रेमराज : अन् रंग कशाचा, ते विचारावंसं नाही वाटलं?

नूतन : विचारलं ना! शेजारच्या टेबलावरच्या नीलेशभाऊंना विचारलं. ते म्हणाले, नानांना रंगरंगोटीचा भारी शौक, तू सोड. शेऱ्याच्या रकान्यात एक शब्द जरी लिहिलेला असता तरी मी सोडला नसता. तुमचा शेरा रिकामा, म्हणून माझा रिकामा. तुम्ही 'चालू' लिहिलं, म्हणून मी 'चालू' टाकलं. तपासणीत फाइल शंभर टक्के पास झाली. साहेबांनी सगळ्यांसमोर पेढा दिला मला.

प्रेमराज : मग झालं तर. एवढी धावत कशाला आलीस?

नूतन : आमलीपाड्याची विहीर. आश्रमशाळेच्या खालची. लाल होती का ती?

प्रेमराज : आमलीपाड्याचं आज काय निघालं?

नूतन : सोमवारपासून शाळेचा टँकर तिथून भरतोय.

प्रेमराज : कोण भरतोय? कोणी सांगितलं त्याला?

नूतन : कोणीच नाही. तेच तर. टँकरचं खातं वेगळं, त्यांचा कॉम्प्युटर आपली यादी स्वतःच वाचतो. सगळ्यात जवळची चालू विहीर शोधतो अन् ड्रायव्हरच्या मोबाइलवर पाठवतो. मधे माणूस येतच नाही. आज सकाळी शाळेच्या स्वयंपाकीणबाईंचा तक्रारीचा फोन आला, गुंताबाई नाव त्यांचं. म्हणाल्या, पाण्याला फवारणीच्या औषधाचा वास मारतोय. दोन मुली कालपासून ओकताहेत. दवाखान्यात झोपवलंय.

प्रेमराज : त्या विहिरीवर पत्रा होता. मी स्वतः उभं राहून ठोकून घेतलेला.

नूतन : ड्रायव्हरनं उचकटला. यादीत चालू आहे म्हटल्यावर तो कशाला थांबेल? का ठोकला होता पत्रा, नाना?

प्रेमराज : बस जरा. पंख्याखाली बस.

नूतन : बसायला वेळ नाही. साडेबारा वाजून गेले. एक वाजता दोनशे मुलं जेवायला बसतात. गुंताबाईंनी माझ्या सांगण्यावरून नळाला फडकं बांधून ठेवलंय. पण मुख्याध्यापक म्हणतात, सरकारी यादीत विहीर चालू, गाव तहानलेलं, अन् तुम्ही कोण कंत्राटी बाई? काही कागद असेल तर दाखवा. मी काय दाखवू त्यांना? रंग होता म्हणून सांगू?

प्रेमराज : चार वर्षांपूर्वी एका गोदामवाल्यानं मुदत संपलेल्या औषधाचे पिंप विहिरीच्या वरच्या अंगाला खड्ड्यात पुरले. केळीवर मारतात ते औषध. पिंप सडले, झिरपलं. शेळ्या मेल्या तेव्हा आम्ही नमुना पाठवला. अहवाल आला. उकळूनसुद्धा पिऊ नये, असा.

नूतन : अन् तुम्ही 'चालू' लिहिलंत.

प्रेमराज : तेव्हाचे साहेब म्हणाले, प्रेमराज, शब्दात लिहिलं की ते वर जातं. वर गेलं की कधी कळलं, कोणाला कळवलं, काय केलं, सगळ्याचं उत्तर द्यावं लागतं. तू रंग लाव. रंगाचं उत्तर कोणी मागत नाही. आपल्या टेबलाला ठाऊक असलं म्हणजे पुरे.

नूतन : अन् तुम्हाला ते पटलं?

प्रेमराज : पटलं. खोटं कशाला बोलू? हुशारी वाटली मला ती. नवा माणूस आला की पहिल्या दिवशी चहा पाजून सांगायचो, बाबा रे, लाल म्हणजे हात लावायचा नाही. एक टँकर गेला नाही तिथं इतक्या वर्षांत. माझ्या खुर्चीवर हितेंद्र आला, त्यालाही सांगितलं.

नूतन : हितेंद्र सर सहा महिन्यांत धुळ्याला गेले बदलून. मला चहा कोणी पाजला नाही नाना. मला फाइल दिली अन् तारीख दिली.

प्रेमराज : तुझी चूक नाही पोरी.

नूतन : किती आहेत लाल?

प्रेमराज : सतरा.

नूतन : सतरा! सगळ्या 'चालू'?

प्रेमराज : सगळ्या. कुठं क्षार, कुठं कारखान्याचं पाणी, कुठं असंच. पण आमलीपाड्यासारखी दुसरी नाही. नावं पाठ आहेत मला. घे लिहून.

नूतन : आपल्याकडची यादी मी आत्ता दुरुस्त करीन, इथं बसून, या लॅपटॉपवर. पण यादीच्या खाली आकडा येतो, किती जणांनी उतरवून घेतली. एक्केचाळीस. धुळ्याच्या दोन खात्यांनी घेतलीय, कोण्या संस्थांनी घेतलीय. बाकीची नावं मला दिसतसुद्धा नाहीत. त्यांच्याकडची मी कशी पुसू?

प्रेमराज : आधी आपली कर. आमलीपाडा. बंद.

नूतन : बंद. शेरा, पाणी विषारी, उकळूनही पिऊ नये. पुढं 'माहिती देणाऱ्याचं नाव व हुद्दा'. बदल करायचा असला की हे लागतंच.

प्रेमराज : कार्यालय लिही.

नूतन : घेत नाही. माणूस लागतो.

प्रेमराज : मग तुझ्या साहेबांचं टाक.

नूतन : त्यांना काय ठाऊक? तुम्हाला ठाऊक आहे.

प्रेमराज : नूतन, माझ्या पेन्शनीवर घर चालतं. नाव टाकलं की पहिला प्रश्न येईल, अहवाल कुठाय. तो मी कुठून आणू? तो साहेबांनी नेला. मीच अडकेन.

नूतन : थांबा, गुंताबाईंचाच फोन आला.

(नूतन फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवते.)

गुंताबाई : बाई, काय करानं मी? पोरे ताट लिसन बठनात. सर नळ सोडाले लावी ऱ्हायनात.

नूतन : नळ सोडू नका. काही झालं तरी सोडू नका.

गुंताबाई : मी नई सोडाव. पन सर इचारतस, कोन सांगस? त्याना नाव सांगा म्हने, मंग मी टाकी खाली कराले सांगस. बिगर नावनं नई ऐकाव म्हने.

नूतन : नाना.

प्रेमराज : सरक. बाई, मी प्रेमराज बोली ऱ्हायनू, पानीना हापिसमधला जुना बाबू. त्या पानीम्हा जहर शे. उकायीसन बी चालाव नई. भांडा बी धोवू नका. सरले मना नाव सांग, मना फोन नंबर दे, कागदवर लिखी ल्या म्हनं. अन् दवाखानाम्हा दोन पोरी शेतस ना, त्या डाक्टरले आतेच सांग, फवारनीना औषधनं जहर शे. आतेच.

गुंताबाई : थांबा. सर! नाव भेटनं, प्रेमराज नाना, पानीना हापिसमधला! दवाखानाम्हा फोन लावा पहिले! हां, लावी ऱ्हायनात. टाकी सोडी दे म्हनतस.

प्रेमराज : बरं झालं. नूतन, टाक माझं नाव. हुद्दा लिही, सेवानिवृत्त.

गुंताबाई : भाऊ.

प्रेमराज : बोल बाई.

गुंताबाई : अखाजीले विहीरवर पत्रा ठोकाले येल व्हतात, ते तुम्हीच का? पांढरी टोपीवाला?

प्रेमराज : मीच. अक्षय्य तृतीयाच व्हती ती.

गुंताबाई : तुम्हले जहरनं समजनं कवय?

नूतन : गुंताबाई, ते आपण नंतर बोलू.

प्रेमराज : इचारू दे तिले. तपासनीना कागद होळीना पहिले ऊना व्हता, बाई.

गुंताबाई : होळीना पहिले. अन् पत्रा अखाजीले.

प्रेमराज : साहेबांची सही होत नव्हती. पत्र्याला मंजुरी...

गुंताबाई : मना पोऱ्या मंगा त्याच साले रामनवमीना दुसरा दिन गया. खालना केळीना मयाम्हा रखवालीले व्हता, त्याच विहीरनं पानी पेये. ऊन लागनं म्हनेत. मी बी बठ्ठा गावले तेच सांगत ऊनू, ऊन लागनं.

प्रेमराज : बाई, मी...

गुंताबाई : फोन ठेवू नका, भाऊ. टाकीनं पानी कोठे सोडू, ते सांगा. खाले नाला शे, तठे गावना ढोरे पेतस.