देवाची शेज आणि हर्षदाची झोप

मंडळी, मला एक सांगा — ज्या घरात देवाची झोप जपतात, त्याच घरात माणसाची झोप मोडली, तर ते पाप कुणाचं? बोला की! गप्प का?

ऐका मग! एका गावात विठोबाचं देऊळ, पूजा गुरवांकडे. गोदाक्का गुरवीण म्हणजे करारी बाई! शेजारती वेळेवर, काकडा वेळेवर. सरपंच उशिरा दर्शनाला आले, तर तोंडावर म्हणाली, "देव निजलाय. सकाळी या!"

तिची सून हर्षदा तालुक्याच्या दवाखान्यात नर्स. कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी. रात्रभर जागून पोर सकाळी घरी यायची, जरा पाठ टेकायची, की अक्का दारात हजर — "उजेडी झोपतेस? घरातली लक्ष्मी जाते!" अहो, पगार आणणारी लक्ष्मी तीच की हो!

मग लागली अर्धशिशी! अर्धं डोकं ठणकायचं, डोळ्यांपुढे काजवे, उलट्या. भांडं वाजलं तरी जीव जायचा. अक्कानं उपाय काढला — सूर्य उगवायच्या आत दूध-जिलेबी! म्हणजे सुट्टीला कुठं डोळा लागला, की पहाटे गदागदा हलवून उठवायचं. झोपमोडीनं आलेल्या दुखण्याचं औषध — झोप मोडून! हसताय? हसू कसलं येतं तुम्हाला?

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अगं, शरीराला स्वतःचं घड्याळ असतं. त्याचे काटे सारखे मागंपुढं केलेले तुझ्या डोक्याला सोसत नाहीत. गोळ्या देते, पण झोपेची वेळ ठरव." हर्षदानं घरी सांगितलं. अक्का उसळली, "नाटकं सगळी! दुखणं लपवून पोरगी दिली. दिगंबर, माहेरी पोचव हिला!" आणि तो नवरा! नंदीबैल! निमूट तिची पिशवी भरायला लागला!

संसार डोळ्यांदेखत मोडतोय, आणि डोकं असं फुटतंय की धड रडताही येईना. भिंत धरून हर्षदा उभी राहिली.

"आत्या, जाते मी. पण एवढं सांगा. देव पाषाणाचा, तरी त्याला अवेळी उठवलं तर पाप लागतं म्हणता. मी हाडामांसाची आहे हो! मला उठवल्याचं काहीच नाही लागत?"

अक्कानं एकदा देवळाकडे पाहिलं, एकदा सुनेकडे. मग मुलावर कडाडली, "ठेव ती पिशवी, दिग्या!" खिडकी लावली आणि स्वतः दाराशी राखण बसली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन भांडली, सुनेला एकच पाळी मिळवून दिली. अर्धशिशी पार गेली का? नाही! पण सारखी छळणारी आता कधीमधी यायला लागली, आणि सून घरात राहिली.

माना डोलवू नका नुसत्या! कर्ण्याचं तोंड वस्तीकडे करून पहाटे गाव उठवणारे कोण? दिवसा निजलेल्या रात्रपाळीवाल्याला आळशी म्हणणारे कोण? तुम्हीच! आणि ती बघा, खांबाला टेकून माउली पेंगतेय. कोपर मारताय तिला? माझ्या कीर्तनात? लाज वाटू द्या!

टाळ खाली ठेवा. आज गजर मनातल्या मनात करा — आणि चपला हातात घेऊन घरी जा!